संमती कोणाची?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानमालेच्या संयोजकांनी माझे नाव सुचविले तेव्हा मला प्रथम संकोच वाटला. या व्यासपीठावरून मुनिश्रींची प्रवचने झाली, विद्वान पंडितांची व्याख्याने झाली. मी एक कापड व्यापारी. वाणिज्य शाखेची पदवी घेतली त्यालाही आता चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. जमाखर्च सोडून अन्य विषयावर बोलण्याचा अधिकार मला नाही, असे मी संयोजकांना सांगितले. त्यावर त्यांनी विचारले, “अधिकार कशाने येतो?” प्रश्न त्यांनी सहज विचारला असेल, परंतु तो माझ्या डोक्यातून गेला नाही. आज मी त्याच प्रश्नावर बोलणार आहे. माणसाला आपल्यावर चालणाऱ्या सत्तेविषयी बोलण्याचा अधिकार कशाने येतो? जन्माने, मालमत्तेने, विद्येने, की केवळ तो माणूस आहे एवढ्याने?

हा प्रश्न एकदा फार मोकळेपणाने विचारला गेला होता. तो विचारला गेला एका धर्मस्थानात, आणि विचारणाऱ्यांत साधे शिपाई होते. म्हणून मी आपणांस प्रथम ३७५ वर्षांहून मागे आणि फार दूर, इंग्लंडला घेऊन जाणार आहे.

लंडनजवळ थेम्स नदीच्या काठी पटनी नावाचे गाव होते. आज ते लंडन शहरातच सामावले आहे. इ. स. १६४७ च्या शरद ऋतूत पार्लमेंटच्या सैन्याचा तळ तेथे पडला होता. राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यातील युद्ध पार्लमेंटने जिंकले होते. राजा कैदेत होता. कैदेत म्हणजे हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्यातच, नजरकैदेत. युद्ध संपल्यावर सैन्याचे ओझे वाटू लागते, हा सर्व काळांतला अनुभव आहे. पार्लमेंटला सैन्य मोडावयाचे होते, पण शिपायांचा थकलेला पगार द्यावयाचा नव्हता. तेव्हा शिपायांनी आपापल्या पलटणीतून प्रतिनिधी निवडले. पगाराच्या तक्रारीपासून सुरू झालेली गोष्ट तेथेच थांबली नाही. आपण लढलो ते कशासाठी, आणि राजा हरल्यावर आता देशाचे राज्य कोणत्या पायावर उभे राहणार, असे ते विचारू लागले. त्यांनी एक मसुदा तयार केला. त्याचे नाव ‘जनतेचा करार’. नावातच सारे आले. राज्य हा करार आहे आणि करार दोन्ही पक्षांच्या संमतीवाचून होत नाही, ही व्यापाऱ्याच्या पोरालाही कळणारी गोष्ट आहे.

२८ ऑक्टोबर १६४७ रोजी पटनीच्या सेंट मेरी चर्चमध्ये सैन्याच्या मंडळाची बैठक भरली. सरसेनापती फेअरफॅक्स आजारी असल्यामुळे ऑलिव्हर क्रॉमवेल अध्यक्षस्थानी होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांनी मिळून प्रार्थना केली आणि नंतर मसुद्याच्या पहिल्या कलमावर वाद सुरू झाला. पार्लमेंटच्या निवडणुकीत मत कोणाला असावे, हा वादाचा विषय.

त्या वेळी इंग्लंडच्या परगण्यांत मताचा अधिकार वर्षाला ४० शिलिंग उत्पन्न देणाऱ्या जमिनीच्या मालकाला होता. हा नियम इ. स. १४३० चा, म्हणजे तेव्हाही दोनशे वर्षे जुना होता. त्याविरुद्ध कर्नल थॉमस रेन्सबरो उभा राहिला. त्याच्या म्हणण्याचा आशय असा : इंग्लंडमधल्या सर्वांत गरीब माणसालाही सर्वांत श्रीमंत माणसाप्रमाणेच एक आयुष्य जगावयाचे असते. म्हणून ज्याला एखाद्या शासनाखाली राहावयाचे आहे, त्याने प्रथम स्वतःच्या संमतीने त्या शासनाखाली आले पाहिजे. ज्या शासनाच्या स्थापनेत ज्याला आवाजच नव्हता, त्या शासनाशी तो बांधील कसा? मित्रहो, पुढे मोठमोठ्या ग्रंथांतून आणि घोषणापत्रांतून जे लिहिले गेले, त्याचे सार या दोन-तीन वाक्यांत आहे.

त्याला उत्तर दिले हेन्री आयर्टन याने. हा क्रॉमवेलचा जावई, कायद्याचे शिक्षण घेतलेला, अत्यंत बुद्धिमान माणूस. आपल्याकडे अशा गोष्टी सांगताना एक नायक आणि एक खलनायक करण्याची पद्धत आहे. मी तसे करणार नाही, कारण मला खरे बोलावयाचे तर प्रथम वाचनात आयर्टनचेच म्हणणे पटले. तो म्हणाला, ज्याचा या देशात कायमचा आणि स्थिर हितसंबंध आहे त्यानेच देशाचा कारभारी निवडावा. ज्यांच्या हाती जमीन आहे आणि ज्यांच्या हाती व्यापार आहे, ते उठून दुसरीकडे जाऊ शकत नाहीत. बाकीचा माणूस आज येथे तर उद्या तेथे. त्याला येथे राहू द्यावे, हवा घेऊ द्यावी, रस्त्याने चालू द्यावे, कायद्याचे संरक्षण द्यावे. पण कारभारात वाटा कशासाठी? (व्यापाऱ्यांना त्याने आत घेतले आहे, हे माझ्या नजरेतून सुटले नाही.)

त्याचा दुसरा मुद्दा अधिक खोल होता. तो रेन्सबरोला विचारतो, तुम्ही हा हक्क कोणत्या कायद्याने मागता? देशाच्या कायद्याने तर तो नाही. मग तुम्ही म्हणणार की निसर्गाने. ठीक आहे. पण निसर्गाने प्रत्येकाला मत दिले असेल, तर त्याच निसर्गाने भुकेल्याला माझ्या कोठारातील धान्य आणि उघड्याला माझ्या अंगावरचे वस्त्रही दिले आहे. निसर्गाचा हक्क एकदा मान्य केला की मालमत्ता कशी उरेल, हे मला दाखवा.

दुकानात ताग्यांच्या थप्प्यांमध्ये बसून हे वाचताना मी पुस्तक मिटले होते. आयर्टनचा प्रश्न फसवा नाही. रेन्सबरोने त्याला दिलेले उत्तर असे की, चोरी करू नये ही ईश्वराची आज्ञा आहे. मालमत्तेला तेवढे संरक्षण पुरेसे आहे. आणि मग त्याने उलट विचारले, शिपाई इतकी वर्षे लढला तो कशासाठी? स्वतःला गुलाम करून घेण्यासाठी आणि धनवंतांच्या हाती सत्ता देण्यासाठी? एडवर्ड सेक्सबी नावाचा शिपायांचा प्रतिनिधी याहून तिखट बोलला. आम्ही प्राण पणाला लावले; आमच्यापाशी जमीनजुमला नाही, पण जन्मसिद्ध हक्क तरी आहे असे आम्हांला वाटत होते. तो नसेल तर आम्ही निव्वळ भाडोत्री शिपाई ठरलो, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता.

या चर्चेचा वृत्तान्त विल्यम क्लार्क नावाच्या सैन्याच्या चिटणिसाने लघुलिपीत टिपून ठेवला. काही वक्त्यांची नावे टिपणाऱ्यालाही ठाऊक नव्हती. एकाच्या नावापुढे केवळ ‘बेडफर्डशायरचा माणूस’ असे लिहिले आहे, तर दुसऱ्याला त्याच्या अंगातल्या चामडी कोटावरून ‘बफ-कोट’ म्हटले आहे. माणसाला वस्त्रावरून ओळखण्याची सवय आमच्या धंद्यातच आहे असे नव्हे. तरीही त्या कोटवाल्याचे बोलणे सेनापतींच्या बोलण्याशेजारी, त्याच कागदावर, त्याच शाईने उतरविले गेले. ते कागद पुढे ऑक्सफर्डच्या वूस्टर कॉलेजात जाऊन पडले आणि छापले गेले ते थेट १८९१ साली. जवळजवळ अडीचशे वर्षे ही चर्चा कोणी वाचलीच नव्हती.

येथे धंद्याच्या अभिमानाने एक गोष्ट सांगतो. या शिपायांच्या मागे लंडनमधील काही नागरिकांची प्रेरणा होती. त्यांना ‘लेव्हलर’, म्हणजे सर्वांना एका पातळीवर आणणारे, असे विरोधकांनी हिणवून नाव दिले होते. त्यांचा पुढारी जॉन लिलबर्न. तो तरुणपणी लंडनमध्ये एका ठोक कापड व्यापाऱ्याकडे उमेदवारीला होता. बंदी असलेली धर्मविषयक पुस्तके आणल्याच्या आरोपावरून १६३८ साली त्याला लंडनच्या रस्त्यांतून फटके मारीत नेण्यात आले. खटल्यात त्याने स्वतःविरुद्ध शपथेवर उत्तरे देण्याचे नाकारले होते. आपल्या राज्यघटनेच्या २० व्या अनुच्छेदात आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही असे जे कलम आहे, त्याच्या पूर्वेतिहासात या उमेदवाराच्या पाठीवरचे वळ आहेत. पटनीची चर्चा चालू होती तेव्हा तो लंडनच्या किल्ल्यात कैदेत होता.

चर्चेचा शेवट मात्र गोड झाला नाही. शिपायांच्या प्रतिनिधींना आपापल्या पलटणीत परत पाठविण्यात आले. काही दिवसांनी, १५ नोव्हेंबरला, वेअर गावाजवळ काही शिपाई त्या कराराच्या प्रती टोपीत खोचून उभे राहिले. क्रॉमवेलने त्या काढावयास लावल्या आणि चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या एका शिपायाला तेथेच गोळी घालण्यात आली. पुढच्या वर्षी रेन्सबरोला राजाच्या पक्षाच्या लोकांनी मारले. आयर्टन १६५१ मध्ये आयर्लंडच्या मोहिमेत वारला. राजेशाही परत आल्यावर १६६१ साली त्याचे प्रेत थडग्यातून काढून फासावर लटकविले. स्थिर हितसंबंधाचा एवढा कैवार घेणाऱ्या माणसाला मातीतही स्थिर राहता आले नाही. कर्माचा हिशेब मांडणाऱ्या आपल्या परंपरेला यावर अधिक भाष्य करण्याची गरज वाटू नये.

पटनीच्या वेळी जॉन लॉक हा १५ वर्षांचा शाळकरी मुलगा होता. त्याचे वडील पार्लमेंटच्या सैन्यात कॅप्टन होते. या लॉकचा राज्यशासनावरील ग्रंथ १६८९ मध्ये निनावी प्रसिद्ध झाला. ग्रंथ आपला असल्याचे त्याने शेवटी मृत्युपत्रातच कबूल केले. नैसर्गिक हक्कांची पद्धतशीर मांडणी त्याने केली. माणूस जन्मतः स्वतंत्र आणि समान आहे. जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता हे त्याचे हक्क राज्य येण्याच्या आधीपासूनचे आहेत. राज्य हे ते हक्क राखण्यासाठी लोकांनी संमतीने निर्माण केले आहे. आयर्टनच्या शंकेलाही त्याने आपल्या परीने उत्तर दिले. माणूस आपल्या देहाचा धनी आहे, म्हणून देहाच्या श्रमाचाही धनी आहे. तो श्रम ज्या वस्तूत मिसळला ती त्याची झाली. म्हणजे मालमत्ता हीच मुळी निसर्गाच्या हक्कातून येते.

पण मला लॉकच्या ग्रंथातील जी गोष्ट आपल्यासमोर मुद्दाम ठेवाविशी वाटते ती वेगळी आहे. राज्यकर्त्याची सत्ता कशी असते हे सांगण्यासाठी त्याने जो शब्द योजला, तो आहे ‘ट्रस्ट’. राज्य म्हणजे न्यास. राज्यकर्ता हा विश्वस्त. लोकांनी विशिष्ट हेतूसाठी त्याच्या हाती सत्ता ठेव म्हणून दिलेली असते आणि विश्वासाचा भंग झाला की ती ठेव देणाऱ्यांकडे परत जाते. आपल्या पावतीपुस्तकावर, पाटीवर आणि शिक्क्यावर पन्नास वर्षे जो शब्द आहे, तोच हा शब्द.

लॉकचे दोषही सांगितले पाहिजेत. गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत त्याचे भाग होते. अमेरिकेतील कॅरोलिना वसाहतीच्या ज्या घटनेत मालकाला गुलामावर संपूर्ण सत्ता दिली होती, त्या घटनेच्या लेखनाशी त्याचा चिटणीस म्हणून संबंध होता. त्याच्या विचारांचा वारसा सांगत १७७६ साली अमेरिकेने स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. शासनाची न्याय्य सत्ता शासितांच्या संमतीतून येते, हे त्यात स्वच्छ सांगितले. तो लिहिणारा थॉमस जेफरसन स्वतः गुलामांचा मालक होता. ज्याने ‘सर्व’ हा शब्द लिहिला, त्याच्या शेतावर राबणारी माणसे त्या ‘सर्वां’त नव्हती. ही गाठ सुटावयास अमेरिकेला नव्वद वर्षे आणि एक यादवी युद्ध लागले.

आणि येथे आपला महाराष्ट्र या कथेत येतो. महात्मा जोतीराव फुले यांनी तरुणपणी टॉमस पेनचा मनुष्याच्या हक्कांवरील ग्रंथ वाचला होता. १८७३ साली प्रसिद्ध झालेली ‘गुलामगिरी’ त्यांनी अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांची मुक्तता करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना. त्यांचा ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये निघाला. म्हणजे पटनीचा वृत्तान्त इंग्लंडमध्ये प्रथम छापला गेला त्याच वर्षी. हा योगायोग आहे, यापेक्षा अधिक काही नाही. पण जोतीरावांच्या त्या ग्रंथात एक गोष्ट आहे जी पटनीच्या संपूर्ण चर्चेत कोठेच नाही. त्यांनी हक्कांचा विचार करताना स्त्रीचे आणि पुरुषाचे नाव बरोबरीने घेतले. पटनीत एवढे मोठे वाक्ताडन झाले, परंतु स्त्रियांना मत असावे की नसावे, हा प्रश्नसुद्धा कोणाला सुचला नाही. १६४९ मध्ये लंडनच्या स्त्रिया लिलबर्न आदींच्या सुटकेसाठी अर्ज घेऊन पार्लमेंटच्या दारी गेल्या, तेव्हा घरी जाऊन भांडी धुवा, असे त्यांना ऐकविण्यात आले.

आता कोणी म्हणेल की आपल्या धर्मात हे सारे आधीच आहे. असे म्हणण्याचा मोह मलाही होतो. भगवान महावीरांचा जन्म वैशालीच्या गणराज्यातला, म्हणून लोकशाही आमच्याकडूनच गेली, असे आपण समारंभात ऐकतो. परंतु जातककथांत वैशालीच्या ७,७०७ राजांचा उल्लेख आहे, तो कुळांच्या प्रमुखांचा. वैशालीचा शेतमजूर वा दासी त्या सभेत बसत नव्हती. आयर्टन तेथे गेला असता तर त्याला घरी आल्यासारखेच वाटले असते!

आपल्या परंपरेचे सामर्थ्य दुसरीकडे आहे, असे माझे अल्पमतीने झालेले मत आहे. पाश्चात्त्य विचारवंतांनी म्हटले, हक्क ईश्वराने दिले. आपण सृष्टीचा कर्ता ईश्वर मानीत नाही. मग हक्क देणार कोण? मला वाटते, कोणी देण्याची आवश्यकताच नाही. प्रत्येक जीव स्वतंत्र आहे, अनंत ज्ञानाची शक्ती त्याच्या स्वभावातच आहे, कर्माने ती झाकली गेली असली तरी नष्ट होत नाही. जे स्वभावात आहे ते कोणी दिलेले नसते, म्हणून कोणाला काढूनही घेता येत नाही. हा पाया लॉकच्या पायाहून रुंद आहे, कारण तो मनुष्यापाशी थांबत नाही. मात्र पाया रुंद असून त्यावर आपण काय बांधले, हा प्रश्न उरतोच. चतुर्विध संघात साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका असे चार घटक सांगितले आहेत. महावीरांच्या संघाची परंपरेने सांगितलेली संख्या पाहा : श्राविका श्रावकांहून कितीतरी अधिक होत्या. आणि आपल्या ट्रस्टची मतदारयादी पाहा.

येथे मी आज ज्यासाठी उभा राहिलो त्या विषयाशी आलो. आपल्या ट्रस्टच्या घटनेप्रमाणे प्रत्येक कुटुंबाला एक मत आहे आणि ते कुटुंबप्रमुखाने द्यावयाचे आहे. सुवर्णमहोत्सवानिमित्त घटनादुरुस्तीचा मसुदा करण्यासाठी एक उपसमिती नेमली. तिने असे सुचविले आहे की, यापुढे विश्वस्तांची निवड ठरावीक रकमेची देणगी दिलेल्या आश्रयदात्या सभासदांनीच करावी. इतर सभासदांनी वार्षिक सभेस उपस्थित राहावे, अहवाल ऐकावा, पण मत देऊ नये. त्यामागे सद्हेतू आहे. धर्मशाळेचे बांधकाम हाती घ्यावयाचे आहे, देणगीदार पुढे यावेत, आणि ज्याने पैसा घातला त्याला पैशाची काळजी असते, हा विचार आहे. उपसमितीत मीही होतो. मसुद्याखाली माझी सही आहे. तो परिच्छेद बहुतांशी माझ्याच हातचा आहे. पुढे पटनीचा वृत्तान्त वाचताना माझीच वाक्ये मला आयर्टनच्या तोंडी आढळली, त्या दिवसापासून मला स्वस्थता नाही.

एक जुनी गोष्ट सांगतो. वीस वर्षांपूर्वीची असेल. मी तेव्हा ट्रस्टचा खजिनदार होतो. वार्षिक सभेत हिशेबपत्रक वाचून झाले, ‘मंजूर, मंजूर’ झाले, आणि मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. ते आमच्याच पेढीवर तीस वर्षे दिवाणजी होते. त्यांनी विचारले की, बोर्डिंगच्या दुरुस्तीसाठी जमलेली रक्कम तीन वर्षे चालू खात्यात बिनव्याजी का पडून आहे? प्रश्न बिनतोड होता. मी वाणिज्य पदवीधर. मला उत्तर नव्हते. ज्याच्यापाशी उत्तर नसते तो जे करतो ते मी केले. मी हसून म्हणालो, “दिवाणजी, त्या निधीत आपली देणगी किती?” सभेत हशा पिकला. ते खाली बसले. नंतर कधीही ते सभेत उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला नेहमीप्रमाणे पेढीवर आले आणि खतावणी उघडून बसले. पुढे मी ती रक्कम मुदत ठेवीत टाकली. बुडालेल्या व्याजाचा आकडा मात्र त्यांनाही सांगितला नाही आणि सभेलाही सांगितला नाही. नंतर जुन्या पावत्या चाळताना मला दिसले की, त्या निधीत त्यांनी दरवर्षी १०१ रुपये दिले होते. त्यांच्या पगाराच्या मानाने ती रक्कम माझ्या देणगीहून मोठी होती. ते आज हयात नाहीत.

आयर्टनचे सूत्र लावले तर दिवाणजींचा येथे स्थिर हितसंबंध नव्हता. पण ज्या बोर्डिंगचे छत गळत होते, त्यात त्यांचा मुलगा राहिला होता. माझी मुले कधी राहिली नाहीत. संस्थेची खरी गरज ज्याला आहे त्याचा हितसंबंध स्थिर, की ज्याला गरज नाही त्याचा?

पटनीत मॅक्सिमिलियन पेटी म्हणून एक वक्ता होता. तो शिपायांच्या बाजूचा, तरीही तो म्हणाला की नोकर, उमेदवार आणि भिक्षेवर जगणारे यांना मत नसावे, कारण ते दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असतात. धन्याला दुखविण्याचे त्यांना भय असते. आपण हे तर्कट म्हणून सोडून देऊ नये. आपल्या सभेत मतदान हात वर करून होते. दिवाणजींच्या हयातीत प्रत्येक ठरावाच्या वेळी त्यांचा हात वर जाण्यापूर्वी त्यांची दृष्टी माझ्याकडे वळे. मला ते ठाऊक होते आणि सत्य सांगावयाचे तर आवडतही होते. पेटीने रोग बरोबर ओळखला. उपाय मात्र उलटा सांगितला. भय असलेल्याचे मत काढून घेण्यापेक्षा भयाचे कारण काढता येते. इंग्लंडने १८७२ साली गुप्त मतदानाचा कायदा केला. आपल्याला एक पेटी आणि काही चिठ्ठ्या लागतील.

मौन म्हणजे संमती, असे आपण मानतो. लॉकनेही म्हटले होते की जो राज्याच्या रस्त्याने नुसता चालतो, त्यानेही त्या राज्याला मूक संमती दिली. हे मला लॉकच्या ग्रंथातील दुबळे स्थान वाटते. आमच्या बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे छापलेले असते. गिऱ्हाईक ते वाचीत नाही, पण बिल घेतले म्हणजे त्याला मान्य आहे असे आम्ही धरतो. ज्याला दुसरे दुकानच नाही, त्याच्या मौनाला संमती म्हणता येईल का? आपल्या गावात आपले एकच मंदिर आहे.

कुटुंबप्रमुखाच्या मताबद्दल एक प्रसंग स्मरतो. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची, १९५१-५२ ची, मतदारयादी तयार होत असताना अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची पत्नी, तमक्याची कन्या, अशीच नोंद केली. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद चालणार नाही असे ठरविले, आणि शेवटी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गेली. निर्णय कठोर होता. परंतु राज्याला संमती द्यावयाची तर ती स्वतःच्या नावाने दिली पाहिजे, हा त्यातील आग्रह होता. आपल्या घटनाकारांनी ३२६ व्या अनुच्छेदाने प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत दिले. त्या घटना समितीचे बहुतेक सदस्य प्रांतिक विधिमंडळांनी निवडले होते, आणि त्या विधिमंडळांचे मतदार शिक्षण-मालमत्तेच्या अटींनी मर्यादित केलेले होते. मर्यादित मतदारांच्या प्रतिनिधींनी ती मर्यादा पुसून टाकली. ज्यांच्या हाती आधीच मत आहे, त्यांनीच ते इतरांना देण्याचा प्रसंग इतिहासात फार वेळा येत नाही.

आयर्टनची भीती मग खोटी ठरली का? पूर्णपणे नाही. सर्वांना मत मिळाल्यावर भारतात मालमत्ता नाहीशी झाली नाही. पण मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने गेला आणि साधा घटनात्मक हक्क म्हणून उरला. व्यापारी म्हणून मला ते त्या वेळी रुचले नव्हते, आजही पूर्ण रुचत नाही. सर्वांची संमती घ्यावयाची म्हणजे आपल्याला न रुचणारा निर्णयही घरी न्यावा लागतो. ट्रस्टमध्येही तसे होईल. धर्मशाळेऐवजी बोर्डिंगचे छत आधी करा, असे बहुमताने ठरेल आणि मोठे देणगीदार नाराज होतील. एखादी मोठी देणगी हातची जाईलही. हे नुकसान मी लपवून ठेवू इच्छीत नाही. मसुदा करताना आम्ही त्याचा आकडासुद्धा काढला होता.

देणगीदारांचा अनादर व्हावा, असे माझ्या म्हणण्यात कोठेही नाही. पंचकल्याणकात बोली होते, जो अधिक बोलतो त्याला प्रथम अभिषेकाचा मान मिळतो, त्याचे नाव संगमरवरी पाटीवर येते. ते उचितच आहे. परंतु दान दिले म्हणजे वस्तूवरचे स्वामित्व सुटले, असे आपले आचार्य सांगतात. दान देऊन मत विकत घेतले, तर ती खरेदी झाली. तिची पावती दानाच्या पुस्तकातून कशी फाडावी, हे मला एवढी वर्षे हिशेब लिहूनही समजलेले नाही.

आज सकाळी मी सचिवांना पत्र दिले आहे. उपसमितीच्या मसुद्यावरील माझी सही मी मागे घेतली आहे. त्याच पत्रात मी तीन सूचना केल्या आहेत : १८ वर्षांवरील प्रत्येक श्रावक-श्राविकेला स्वतःच्या नावाने सभासदत्व आणि मत असावे, मतदान चिठ्ठीने व्हावे, आणि बोर्डिंग दुरुस्ती निधीवरील तीन वर्षांच्या बुडालेल्या व्याजाची माहिती येत्या सभेच्या इतिवृत्तात, दिवाणजींनी विचारलेल्या प्रश्नाच्या उल्लेखासह, नोंदवावी. व्याजाची रक्कम मी धनादेशाने सोबत जोडली आहे. घटनादुरुस्ती मंजूर झाली तरी ती धर्मादाय आयुक्तांकडे जाईल, त्यास वेळ लागेल. तिसऱ्या सूचनेला मात्र कोणाच्याही मंजुरीची आवश्यकता नाही.

संयोजकांनी मला पाऊण तास दिला होता, तो संपला आहे. कोणास काही विचारावयाचे असल्यास मी येथे बसतो. मागच्या रांगेपर्यंत ध्वनिक्षेपक पोचेल अशी व्यवस्था केली आहे. जय जिनेंद्र.